आधी घडलेले सांगून दाखवा

शेगावचे श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय 1983 साली सुरू झाले. वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली तेच हे वर्ष. त्याआधी बुलढाणा जिल्ह्यातल्या मुलाला इंजिनिअर व्हायचे तर अमरावती, नागपूर किंवा औरंगाबादचे सरकारी कॉलेज गाठावे लागे. त्याहून मोठी उडी घेणारा पुण्याला नाहीतर मुंबईला जाई. पुढे चिखली, मलकापूर आणि खुद्द बुलढाणा इथेही कॉलेजे निघाली. योगायोग असा, की टेबलावरच्या संगणकावर विद्युत मंडलाचे सिम्युलेशन करणारी पीस्पाइस ही प्रणाली 1984 साली बाजारात आली आणि मॅटलॅब ही गणिती प्रणाली विकणारी कंपनीही त्याच वर्षी स्थापन झाली. म्हणजे या जिल्ह्यात अभियांत्रिकीचे शिक्षण आणि टेबलावरचे सिम्युलेशन ही दोन्ही जवळपास एकाच वयाची आहेत. या इतिहासाची नेहमीची मांडणी अशी असते: ग्रामीण कॉलेजांकडे यंत्रे नव्हती, संगणक आले, उणीव भरून निघाली. ही मांडणी मला अपुरी वाटते. मॉडेलवरून शिकण्याची आणि निर्णय घेण्याची रीत महाराष्ट्रात संगणकापेक्षा कितीतरी जुनी आहे, आणि तिला एक कडक अट होती. जे आधी घडून गेले आहे ते मॉडेलने बिनचूक सांगून दाखवायचे, मगच पुढचे त्याला विचारायचे. संगणक वर्गात आला तेव्हा रीत आली, पण अट वाटेत कुठेतरी गळाली.

कॉलेज यायच्या शंभरेक वर्षे आधीही या जिल्ह्यात यंत्रे होती. भुसावळहून नागपूरकडे जाणारा लोहमार्ग 1867 पर्यंत पूर्ण झाला, आणि 1870 साली जलंबहून खामगावला फाटा गेला तो केवळ कापसासाठी. वऱ्हाडच्या कापसाची ही मोठी बाजारपेठ. वाफेवर चालणाऱ्या जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्यांत बॉयलर, शाफ्ट, पट्टे, गाठी बांधायचे प्रेस हे सगळे होते. ते चालवणारा फिटर यंत्रापाशीच शिकला. त्याला सिद्धांत कोणी सांगितला नाही, पण बेअरिंग तापले की हाताला कळते हे त्याला ठाऊक होते. या शिक्षणाचे गोडवे गाण्याचे कारण नाही. त्यात अपघात होते, बोटे जात होती, आणि कारागिराला नवे यंत्र आखता येत नव्हते. कॉलेज आले ते ही मर्यादा ओलांडण्यासाठीच. मात्र क्रम उलटा झाला. आता समीकरण आधी येऊ लागले आणि यंत्र मागून, कधी कधी आलेच नाही.

समीकरण आणि वस्तू यांच्यामध्ये मॉडेल ठेवण्याची सवय ज्यांनी इथे रुजवली ते पाटबंधारे खात्याचे लोक होते. मुंबई इलाख्याने 1916 साली पाटबंधाऱ्यांच्या संशोधनासाठी जो छोटा विभाग काढला, त्याचेच पुढे खडकवासल्याचे केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र झाले. त्याची उभारणी केलेले क्लॉड इंग्लिस पुढे इंग्लंडमधल्या जलसंशोधन केंद्राचे पहिले संचालक झाले. नद्या आणि कालवे यांच्या वागणुकीवरचा त्यांचा ग्रंथ 1949 साली निघाला आणि त्याचा मोठा भाग मॉडेलांवरच उभा आहे. उघड्या मैदानात नदीचा एखादा पट्टा वाळू-सिमेंटमध्ये लहान करून बांधायचा आणि त्यात पाणी सोडायचे. लहान करणे म्हणजे सगळेच सारख्या प्रमाणात लहान करणे नव्हे. लांबी-रुंदी-खोली शंभरपट कमी केली तर वेग दहापटच कमी होतो, आणि प्रवाह मात्र एक लाख पटींनी. म्हणजे सेकंदाला हजार घनमीटरचा पूर मॉडेलमध्ये सेकंदाला दहा लिटरचा उरतो. शिवाय मोठी नदी या प्रमाणात बांधली तर पाण्याचा थर इतका पातळ होतो, की ते नदीसारखे वाहतच नाही. मग उंचीचे प्रमाण वेगळे धरावे लागते, खोली मुद्दाम जास्त ठेवावी लागते. ही सरळसरळ तडजोड आहे, आणि ती करणाऱ्याला ती तडजोड असल्याचे पक्के माहीत असते.

म्हणूनच मॉडेल बांधले की लगेच धरणाचा किंवा पुलाचा प्रश्न त्याला विचारत नसत. आधी जुना पूर सोडायचा, ज्याच्या पाण्याच्या पातळ्या काठावरच्या गावांत नोंदलेल्या आहेत असा. मॉडेलमधले पाणी त्या खुणांना लागले नाही तर तळाचा खडबडीतपणा कमी-जास्त करायचा, खडी चिकटवायची, पुन्हा सोडायचे. त्या खुणा जुळल्या, की आणखी एक वेगळा पूर घ्यायचा आणि काहीही न बदलता तो जुळतो का ते पाहायचे. हे जमले तरच नव्या बांधकामाचा प्रश्न. सगळा भार या दुसऱ्या पुरावर आहे. पहिल्या पुराला तर ओढून-ताणून कोणीही जुळवू शकतो. मॉडेल नदी जाणते की नुसते आपण भरवलेले ओकते, हे दुसरा पूर सांगतो.

कोयनेच्या बाबतीत निसर्गानेच ही परीक्षा घेतली. दख्खनचे पठार भूकंपाच्या दृष्टीने जवळजवळ सुरक्षित, असे तेव्हा धरले जाई. त्यामुळे 103 मीटर उंचीच्या कोयना धरणाच्या आराखड्यात भूकंपाचा जोर गुरुत्वाच्या पाच टक्के एवढाच, तोही स्थिर बल म्हणून, गृहीत धरला होता. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे भूकंप झाला. धरणातच बसवलेल्या यंत्राने त्याची नोंद केली आणि प्रत्यक्ष हादरा गृहीत धरलेल्या आकड्याच्या कितीतरी पट निघाला. धरण टिकले, पण काही ठोकळ्यांना आडव्या भेगा पडल्या, आणि त्या भिंतीचा उतार जिथे अचानक बदलतो तिथल्या आसपास होत्या. अनिल चोप्रा आणि त्यांचे सहकारी यांनी 1973 साली बर्कलीहून प्रसिद्ध केलेल्या विश्लेषणात ती नोंद संगणकातल्या धरणाला दिली, तेव्हा सर्वाधिक ताण तिथेच दिसला. जगात भूकंपाची धक्कानोंद आणि त्याच धक्क्याने झालेले नुकसान ही दोन्ही उपलब्ध असलेली काँक्रीटची धरणे मोजकीच, म्हणून कोयना जगभरच्या संगणकी प्रणालींची कसोटी बनली. अबॅकस या प्रणालीच्या उदाहरणांच्या पुस्तकात धरणाचे उदाहरण आहे ते कोयनेचे. बुलढाण्यातला एखादा विद्यार्थी ते उघडून भेगा उमटताना पाहतो, तेव्हा पाटणच्या डोंगरातल्या त्या पहाटेचाच आकडा तो वापरत असतो. ते उदाहरण शिकवण्याजोगे आहे याचे कारण त्याची सुंदर रंगीत चित्रे नव्हेत. भेग खरोखर कुठे पडली हे आपल्याला माहीत आहे, हे त्याचे कारण.

इथे कोणी म्हणेल, की संशोधन केंद्राची शिस्त वेगळी आणि वर्गाची वेगळी. विद्यार्थ्याला फक्त कल्पना समजायची असते. पण सिम्युलेशनच्या प्रणालींचा इतिहास नेमका वर्गातूनच सुरू होतो. विद्युत मंडलांसाठी जगभर वापरली जाणारी स्पाइस बर्कलीच्या एका वर्गप्रकल्पातून उगवली. रोनाल्ड रोहरर यांनी 1960 च्या दशकाच्या अखेरीस विद्यार्थ्यांना मंडलाचे विश्लेषण करणारा प्रोग्रॅम लिहायला लावला. लॉरेन्स नेगल यांनी तो पुढे नेला, आणि 1973 साली डोनाल्ड पेडरसन यांच्या मार्गदर्शनाखाली स्पाइस बाहेर पडली. मॅटलॅबही क्लीव्ह मोलर यांनी लिहिली ती विद्यार्थ्यांना फोरट्रान न शिकता गणित करता यावे म्हणून. या विद्यार्थ्यांनी मॉडेल वापरले असे म्हणणे अर्धेच खरे. त्यांनी ते लिहिले. कोणते समीकरण टाकले, काय सोडून दिले, कुठे आकडा फुटतो हे त्यांना ठाऊक होते, कारण तो फोडणारेही तेच होते. आपल्याकडे हीच साधने बंद पेटीत आली. गृहीतके आधीच आत भरलेली, विद्यार्थ्याच्या हाती फक्त रकाने भरणे उरले. वऱ्हाडला या गणनेचे वावडे होते असेही नाही. परम 8000 हा महासंगणक 1991 साली पुण्यात उभा राहिला तो शेजारच्या अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली. प्रश्न बुद्धीचा नव्हता आणि नाही.

मुद्दा जवळून पाहायचा तर इलेक्ट्रिकलच्या दुसऱ्या वर्षाचे एक प्रॅक्टिकल घ्यावे: ट्रान्सफॉर्मरची ओपन-सर्किट चाचणी. एका बाजूला व्होल्टेज द्यायचे, दुसरी बाजू उघडी ठेवायची, व्होल्टमीटर, अ‍ॅमीटर, वॉटमीटर वाचायचे आणि त्यावरून गाभ्यातला क्षय आणि चुंबकनाचा प्रवाह काढायचा. खऱ्या ट्रान्सफॉर्मरवर हे करताना तो घुमतो. प्रवाह इतका कमी असतो की चुकीच्या रेंजचा अ‍ॅमीटर लावला तर काटा हलतच नाही. साधा वॉटमीटर लावला तर रीडिंगवर भरवसा ठेवता येत नाही, कमी पॉवर फॅक्टरचा मागावा लागतो. ऑसिलोस्कोपवर पाहिले तर प्रवाहाची लाट पुस्तकातल्यासारखी गोलाई घेत नाही, टोकदार होते, कारण लोखंड संपृक्त होऊ लागलेले असते. आता हेच संगणकावर. ट्रान्सफॉर्मरचा ठोकळा पडद्यावर आणला की तो विचारतो: चुंबकन शाखेचा रोध किती, इंडक्टन्स किती? मुलगा मॅन्युअलमधले आकडे भरतो, सिम्युलेशन चालवतो, मीटरचे आकडे उतरवतो, सूत्रात घालतो आणि उत्तर येते ते त्याने मघाशी भरलेलेच आकडे. जर्नलमध्ये निष्कर्ष लिहिला जातो, की चाचणी यशस्वी झाली. झाली कशाची? आपण खिशात घातलेले नाणे आपल्याच खिशात सापडले, एवढेच सिद्ध झाले. संपृक्त होणारा ट्रान्सफॉर्मरही त्या प्रणालीत मिळतो हे खरे. पण त्याची वक्ररेषा कुठून तरी मोजून आणावी लागते, आणि ते मोजणे म्हणजेच तर ते प्रॅक्टिकल होते.

हे एखाद्या कॉलेजचे दुखणे नाही. पुण्या-मुंबईतही तेच चालते, आणि संगणक यायच्या आधीही चालत असे. मागच्या वर्षीच्या जर्नलमधून रीडिंग ढापणे हा प्रकार सिम्युलेशनने जन्माला घातलेला नाही. पण ढापलेले रीडिंग ढापलेले आहे हे ढापणाऱ्याला माहीत असते. सिम्युलेशनचे रीडिंग स्वच्छ येते, चार दशांश स्थळांपर्यंत येते, आणि आपण काहीतरी मोजले असा प्रामाणिक समज करून देते. व्हायवाला आलेला एक्स्टर्नलही मग आलेख पाहून पान उलटतो.

सर्वांत वजनदार आक्षेप पैशाचा आणि अंतराचा आहे, आणि तो झटकून टाकता येत नाही. केंद्र सरकारच्या माहिती-तंत्रज्ञानाद्वारे शिक्षणाच्या राष्ट्रीय मोहिमेतून 2009 नंतर व्हर्च्युअल लॅब्जचा प्रकल्प आकाराला आला. दिल्लीची आयआयटी समन्वयक, आणि भागीदारांमध्ये मुंबईची आयआयटी आणि पुण्याचे सीओईपी. हेतू उघड होता: ज्यांच्यापाशी प्रयोगशाळा नाही किंवा तोकडी आहे त्यांना घरबसल्या प्रयोग करता यावा. काही प्रयोग तर दूरवरच्या खऱ्या उपकरणाला जोडलेले असतात. विद्यार्थी इथून बटण दाबतो आणि तिकडचे यंत्र चालते. मुंबईच्या आयआयटीनेच सायलॅबसारख्या मुक्त प्रणालींचे धडे मराठी आवाजातही उपलब्ध करून दिले, त्यामुळे परवान्याची रक्कम आणि इंग्रजीची धास्ती दोन्ही कमी झाल्या. 2020 च्या टाळेबंदीत कॉलेजांना कुलपे होती तेव्हा प्रॅक्टिकल ज्या थोड्या मार्गांनी होऊ शकले त्यांत हा एक होता. मग बुलढाणा जिल्ह्यातल्या संग्रामपूरच्या मुलाला या साधनाने जे मिळते ते अपुरे आहे म्हणून नाकारावे काय? मुळीच नाही. पण गरिबीचा युक्तिवाद सिम्युलेशन असावे हे सिद्ध करतो. पडताळणी नसावी हे तो सिद्ध करत नाही. महाग असतात ती मोठी यंत्रे, पडताळणी नव्हे. एक ट्रान्सफॉर्मर, एक वॉटमीटर आणि दोन तास हे जिल्ह्यातल्या कोणत्याही कॉलेजला परवडते. वर्षाच्या दहा प्रयोगांपैकी दोन खरे मोजले आणि बाकी आठ त्या दोहोंनी तपासलेल्या मॉडेलवर केले तरी अट पाळली जाते.

दुसरा आक्षेप असा, की काही गोष्टी प्रत्यक्ष करता येतच नाहीत. ग्रिडचा बिघाड, धरणफुटी, बॉयलरचा स्फोट हे वर्गासाठी घडवता येत नाही. हे मान्यच आहे, आणि सिम्युलेशनचे खरे सामर्थ्य तिथेच आहे. पण जे करून पाहता येत नाही त्याच्याविषयी मॉडेलचे ऐकायचे तर करून पाहता येण्यासारख्या ठिकाणी ते खरे बोलते हे आधी कळायला हवे. कोयनेत ते उलट्या क्रमाने झाले, आणि पडताळणीचे आकडे आले ते दीडशेहून अधिक माणसांचे जीव घेणाऱ्या भूकंपातून. नोकरी देणाऱ्या कंपन्यांना प्रणाली हाताळता येणारे हात हवे असतात, हा तिसरा आक्षेप मी फार मनावर घेत नाही. बटणे दर पाच वर्षांनी बदलतात.

चुकीच्या गृहीतकाचा सर्वांत शिकण्याजोगा नमुना तर बुलढाणा जिल्ह्याच्याच हद्दीत आहे, लोणारच्या विवरात. अमेरिकी भूवैज्ञानिक ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट यांनी अ‍ॅरिझोनातल्या प्रचंड विवराचा उगम शोधताना काटेकोर परीक्षा आखली होती. आकाशातून लोखंडी गोळा पडला असेल तर तो जमिनीखाली गाडलेला असणार. मग काठावर साचलेली माती विवराच्या पोकळीपेक्षा जास्त भरेल आणि होकायंत्र विचलित होईल. त्यांनी मोजले. माती आणि पोकळी सारखी निघाली, सुई हलली नाही. निष्कर्ष निघाला, की हा वाफेचा स्फोट आहे. त्यांचे हे लेखन 1896 चे, आणि लोणारचे अ‍ॅरिझोनाशी असलेले साम्यही त्यांनी तेव्हाच हेरले होते. लोणार तर ज्वालामुखीच्या बसाल्टातच, म्हणून तिथे ज्वालामुखीचा तर्क आणखी सोपा. गिल्बर्टांचा हिशेब बिनचूक होता, मोजणी चोख होती, उत्तर चुकले. कारण एवढ्या वेगाने आदळणारा गोळा मुख्यतः वितळून-वाफ होऊन उधळला जातो, गाडला जात नाही, हे त्यांच्या मॉडेलमध्ये नव्हते. लोणार आघातविवर असावे असे लाफाँड आणि डीट्झ यांनी 1964 साली मांडले, आणि तळात छिद्रे घेऊन काढलेल्या खडकांत आघाताच्या खुणा सापडल्याचे फ्रेड्रिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1973 साली प्रसिद्ध केले. सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाच्या या विवराचे वय काढताना एका पद्धतीने सुमारे 52 हजार वर्षे येतात, दुसरीने सुमारे 5 लाख 70 हजार. दोन्ही आकडे प्रयोगशाळेतले, दोन्हींमागे वेगवेगळी गृहीतके. मॉडेल शिकवणाऱ्या शिक्षकाला याहून चांगला धडा कुठे मिळेल? तरी जिल्ह्याबाहेरचा माणूस लोणार पाहायला येतो आणि जिल्ह्यातला अभियांत्रिकीचा विद्यार्थी तिथे गेलाच तर सहलीला जातो.

दुसरे उदाहरण कमी देखणे, पण अधिक निकडीचे आहे. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाण पट्टा अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरला आहे. आपल्याकडे शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर या बाजूची गावे त्यात येतात. विहिरीचे पाणी खारट, आणि मूत्रपिंडाच्या विकारांची तक्रार जुनी. भूजलाचा प्रवाह मांडणारी मॉडफ्लो ही प्रणाली अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने 1984 साली काढली आणि ती फुकट मिळते. क्षार कसे वाहतात हे पाहायला तिच्या जुन्या आवृत्त्यांना दुसरी प्रणाली जोडावी लागे. राज्याच्या भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींच्या जुन्या नोंदी आहेत, म्हणजे खडकवासल्याचा पहिला पूर आयता तयार आहे. दुसऱ्या पुरासाठी लागते ती एक मोजपट्टी आणि पाण्याची विद्युतवाहकता सांगणारे हातात मावणारे मीटर. पहिल्या वर्षी मॉडेल बहुधा चुकेल, कारण उपसा किती हे कोणी मोजत नाही. मग विद्यार्थ्याला उपकेंद्रात जाऊन शेतीच्या फीडरला दिवसपाळी कधी आणि रात्रपाळी कधी होती हे उतरवून घ्यावे लागेल, पंपांची ताकद विचारावी लागेल, आणि एका आकड्यासाठी गावात चार लोकांशी बोलावे लागेल. हे प्रॅक्टिकलच आहे. त्याला टर्मवर्कचे गुण द्यायचे तर नियम एकच पुरे: मे महिन्यात विहिरीवर जाण्यापूर्वी मॉडेलने सांगितलेली पातळी जर्नलमध्ये शाईने लिहिलेली असावी, तिच्याखाली तारीख आणि शिक्षकाची सही असावी, आणि त्यानंतर मोजपट्टी विहिरीत सोडावी.